पूरप्रवण वस्तीत मोटार घेताना : वेलचेरीच्या अनुभवातून गुणदोषांचा ताळा

चेन्नई : ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास हवामान विभागाने अतिवृष्टीचा इशारा देताच चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी येथील रहिवाशांनी आपल्या मोटारी घरासमोरून काढून उड्डाणपुलावर नेऊन ठेवल्या. पुलाच्या कडेने एकामागे एक उभ्या असलेल्या गाड्यांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. पोलिसांनी दंड आकारल्याच्या बातम्या आल्या आणि तसे काही झालेले नाही, असा खुलासाही पोलिसांकडून करण्यात आला. रहिवाशांच्या या घाईला कारण होते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात या परिसरातील घरांत व वाहनतळांत पाणी शिरले होते. मिचाँगच्या वेळी लगतच्या पळ्ळिकरणै येथील निवासी संकुलातून मोटारी वाहत जात असल्याची दृश्ये अनेकांच्या स्मरणात असतील.

वेलचेरीच्या दक्षिणेस पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी आहे. रामसर यादीत २०२२ मध्ये समाविष्ट झालेल्या या दलदलीचा मूळ विस्तार वस्ती, रस्ते आणि कार्यालयांच्या इमारतींनी मोठ्या प्रमाणात गिळला आहे. आसपासच्या तलावांचे पाणी उताराने याच बाजूस येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात एजीएस कॉलनीसारख्या सखल भागांत ते साचून राहते. अशा ठिकाणी मोटार विकत घेताना मायलेज, पडद्याचा आकार किंवा सनरूफ यांच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो : ही गाडी रात्री कोठे उभी राहणार? त्या उत्तरावर गुणदोषांचा क्रम बदलतो.

विक्रेते पुढे करतात तो आकडा ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमीन आणि गाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतराचा. मारुती स्विफ्टचे हे अंतर १६३ मिलिमीटर, ह्युंदाई क्रेटाचे १९०, तर टाटा नेक्सॉनचे २०८ मिलिमीटर दिले जाते. खड्डे आणि उंच गतिरोधक यांच्यासाठी हा फरक मोलाचा आहे. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर स्विफ्ट आणि नेक्सॉन यांच्यात अवघ्या साडेचार सेंटीमीटरांचे अंतर उरते. शिवाय माहितीपत्रकातील आकडा पुष्कळदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरल्यावर तो कमी होतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात क्वचितच सापडते. इंजिन ज्या नळीतून हवा ओढते तिचे तोंड किती उंचीवर आहे, हे बॉनेट उघडूनच पाहावे लागते. काही गाड्यांत ते बंपरच्या मागे खाली, तर काहींत दिव्यांच्या वरच्या पातळीवर असते. तेथून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन अडतो, कारण हवेसारखे पाणी दाबले जात नाही. इंजिनाचा जोर मग कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. गाडी किती खोल पाण्यातून सुरक्षित जाऊ शकते, हा आकडा बहुतेक हॅचबॅक व सेडान गाड्यांबाबत जाहीर केला जात नाही. महिंद्रा थारसारख्या वाहनाबाबत तो ६५० मिलिमीटर असा दिलेला आहे. मात्र तो संथ पाण्यासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी असतो. वाहत्या पाण्याचा न्याय वेगळा. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या इशाऱ्यानुसार सुमारे ३० सेंटीमीटर वाहते पाणी लहान मोटारीला वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक एसयूव्हींनाही. उंच गाडीचा मोठा दोष म्हणजे ती चालकाला देत असलेला फाजील आत्मविश्वास.

म्हणून वेलचेरीसारख्या ठिकाणी सेडान घेऊच नये, असे नाही. सेडानची बैठक खाली असते, त्यामुळे आत शिरलेले पाणी आसने आणि तळाशी असलेल्या तारांपर्यंत लवकर पोहोचते. पण महामार्गावरील स्थैर्य आणि डिकीची जागा हे तिचे गुण पुसले जात नाहीत. ज्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वाहनतळ आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. उलट, महागडी एसयूव्ही तळघरात उभी करणाऱ्याला तिच्या उंचीचा काडीचाही उपयोग नाही. तळघर छतापर्यंत भरते. हॅचबॅक स्वस्त, दुरुस्तीला सोपी आणि इशारा मिळताच पुलाच्या कडेला सहज मावणारी, हे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने लहान गुण नव्हेत.

किमतीच्या बाजूने एक रेषा लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर, तसेच तेवढ्याच लांबीच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवरील मोटारींवर ५ टक्के. चार मीटरच्या आत बसणाऱ्या छोट्या एसयूव्हींमध्ये बरी उंची आणि कमी कर यांचा मेळ बसतो. सुरक्षेसाठी ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे ताराांकन उपलब्ध आहे. ते ऐच्छिक असून धडकेतील बचाव मोजते. पुराशी त्याचा संबंध नाही.

विजेवरील मोटारीविषयी दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. तिला हवा ओढावी लागत नसल्याने पाण्याने इंजिन अडण्याचा प्रश्नच नाही आणि अनेक बॅटऱ्या आयपी ६७ दर्जाच्या, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा, असतात. परंतु पूर अर्ध्या तासात ओसरत नाही. अमेरिकेत २०२२ च्या इयन वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारींनी नंतर पेट घेतला होता. बुडालेली गाडी तज्ज्ञाने तपासल्याशिवाय चार्ज करू नये. घरचा चार्जर तळघरात बसवायचा असेल, तर तो शक्य तितका उंच बसवावा.

खरेदीच्या दिवशी घाईत उरकला जाणारा विषय विम्याचा असतो. कायद्याने अनिवार्य असलेला तृतीय पक्ष विमा पुरात बुडालेल्या स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही देत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते. पण पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेली हानी सहसा वगळली जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, तो टाळण्यासाठी झिरो डेप्रिसिएशनचे कवच असते. गाडीचे घोषित मूल्यही दरवर्षी उतरते. १० लाख रुपये यादीकिमतीची मोटार दोन वर्षांची झाली की तिसऱ्या वर्षी ७ लाखांची धरली जाते आणि दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेल्यास ती पूर्ण नुकसानीत काढली जाते. कर्जाचे हप्ते शिल्लक असताना हा फरक खिशातून भरावा लागतो. मॉडेलच्या वरच्या श्रेणीसाठी लाखभर रुपये जादा मोजण्यापेक्षा त्यातील थोडी रक्कम या कवचांवर खर्च करणे पूरप्रवण वस्तीत अधिक शहाणपणाचे.

हा हिशेब चेन्नईपुरता नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद पडलेल्या मोटारींत अडकून काहींचा गुदमरून मृत्यू झाला. काच फोडण्याची छोटी हातोडी तेव्हापासून अनेक गाड्यांत आली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर आणि जुलै २०२४ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसर येथेही वाहने पाण्याखाली गेली.

पूर्ण नुकसानीत काढलेल्या मोटारी भंगारातच जातात असे नाही. डागडुजी होऊन त्या दुसऱ्या राज्याच्या बाजारात येऊ शकतात. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहावे. सुट्या चाकाखालची खोबण, आसनांच्या रुळांवरील गंज, दिव्यांच्या काचेआतील बाष्प आणि गालिच्याखालचा कुबट वास पुराची साक्ष देतात. आसनांची आवरणे नवीकोरी आणि गाडी मात्र सात वर्षांची, असे असल्यास कारण विचारावे. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास विक्रेत्याकडून लेखी मागावा. परराज्यातील नोंदणी असल्यास मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.