छावणी आणि वादळ

आजच्या छत्रपति संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, खाम नदीपलीकडे जो लष्करी भाग आहे त्याला छावणी म्हणतात. निजामाच्या अमदानींत हैदराबाद कंटिंजंट या फौजेचें एक ठाणें येथें होतें. छावणी म्हणजे लष्कराचा तळ, हा अर्थ आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्या शब्दाचें मूळ पावसांत आहे याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. छावणें म्हणजे छप्पर घालणें, शाकारणें. मृगाचा सुमार आला कीं फौजेनें मोहीम थांबवावी, नुसत्या राहुट्यांवर विसंबून न राहतां गवतापाल्याचीं छपरें उभारावीं आणि पावसाळा तेथेंच काढावा, याला ‘छावणी करणें’ म्हणत. मराठ्यांच्या जुन्या पत्रांतून अमक्या सरदाराची छावणी अमक्या ठिकाणीं झाली असें वाचावयास मिळतें, तेव्हां पुष्कळदां त्याचा अर्थ एवढाच असतो कीं त्या सालचा पावसाळा त्यानें तेथें काढला. दसऱ्याचें सीमोल्लंघन करावयाचें तें या छपराखालून बाहेर पडून.

समुद्रकांठच्या माणसाला वादळ म्हटलें कीं गलबतें आठवतात. आम्हां पठारावरच्या लोकांचें वादळ निराळें. वैशाखांतला वळीव, कडाडणारी वीज, गारांचा मारा, आणि जेथें पाऊस पडलाच नाहीं तेथें अवचित येऊन थडकणारा नदीचा लोंढा, हीं त्याचीं रूपें. या भयाची कथाही आमच्याजवळच दगडांत कोरलेली आहे. येथून सुमारें पंधरा कोसांच्या आंत वेरुळचीं लेणीं आहेत. त्यांतील पंधराव्या, दशावतार लेण्यांत गोवर्धनधारी कृष्णाचें शिल्प आहे. कोपलेल्या इंद्रानें सात अहोरात्र वृष्टि केली आणि कृष्णानें डोंगर उचलून धरला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों ती चमत्कार म्हणून. मला मात्र त्यांत गुराख्यांचें शहाणपण दिसतें. या कथेंत वादळाशीं कोणी झुंजत नाहीं. गोप, गोपी, वासरें सगळीं एका छपराखालीं येतात आणि पाऊस सरेपर्यंत थांबतात. छावणी याहून वेगळी ती काय?

आतां कथा सोडून इतिहासाकडे वळूं. ज्याच्या नांवावरून या शहराला औरंगाबाद म्हणत, तो औरंगजेब इ. स. १६८१ मध्यें दक्षिणेंत उतरला आणि परत उत्तरेस गेला नाहीं. दलपतराव बुंदेला याच्या पदरीं असलेला भीमसेन सक्सेना हा त्या काळचा फारसी बखरकार. बादशहाच्या लष्कराबद्दल त्यानें मोठी करुण हकीकत लिहून ठेवली आहे. दीर्घ वियोगाला कंटाळून लोकांनीं आपलीं बायकामुलें लष्करांतच आणलीं, तंबूंत एक नवी पिढी जन्मली, वाढली, म्हातारी झाली, आणि तंबूवांचून जगांत दुसरा निवारा असतो हें तिला ठाऊकच नव्हतें, असा त्याचा आशय आहे.

१७०० च्या एप्रिलांत सातारा व जूनमध्यें परळी, म्हणजे सज्जनगड, बादशहाच्या हातीं आले. तेथेंच पावसाळा काढावा तर तें झालें नाहीं. ऐन पावसांत लष्कर हाललें. चिखल, फुगलेली कृष्णा आणि मरून पडणारीं जनावरें यांतून वाट काढीत ऑगस्टअखेर तें माण नदीच्या कांठीं खवासपुरास पोंचलें. माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख, नदीचें पात्र कोरडें. तेव्हां तंबू दोन्ही तीरांवर तर पडलेच, पण पात्रांतही पडले. इतक्या अनुभवी सेनेनें अशी जागा निवडावी याचें नवल वाटतें. पण कोरडी नदी भल्याभल्यांना फसवते. १ ऑक्टोबरच्या रात्रीं वर डोंगरांत झालेल्या पावसाचा लोंढा झोपलेल्या लष्करावर आला. माणसें, जनावरें, तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून मराठेच चालून आले असें बादशहाला वाटलें. तो घाईनें उठतांना अडखळला, गुडघा निखळला आणि जन्माचा लंगडा झाला. तैमूरलंगाचा हा वारसा आहे, असें म्हणून दरबारी लोकांनीं त्याचें समाधान केलें. शत्रु आला नव्हता. पाऊस आला होता. पुढें १७०७ त अहमदनगराजवळ तो वारला. वेरुळहून जवळच, खुलदाबादेस, त्याची कबर आहे. तिच्यावर छप्पर नाहीं. ती उघड्या आभाळाखालीं असावी अशी त्याचीच इच्छा होती.

पण छावणीची ही जुनी रीत चार महिन्यांच्या पावसापुरती. अवेळीं येणाऱ्या वादळाला ती लागू पडत नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्यें मराठवाड्यावर दिवसामागून दिवस गारा कोसळल्या. उष्ण, दमट हवा वेगानें वर चढते, तिच्यांतले थेंब गोठणबिंदूच्याही वर उचलले जातात, गोठतात, त्यांवर बर्फाचे थरावर थर चढतात आणि भार असह्य झाला कीं ते खालीं येतात. हें शास्त्र सांगावयास सोपें आहे. पण तेव्हां गहूं, ज्वारी, हरभरा काढणीला आलेला होता आणि मोसंबीच्या, डाळिंबांच्या, द्राक्षांच्या बागा उभ्या होत्या. पक्षी मेले, जनावरें दगावलीं, माणसेंही गेलीं. जेथें दुष्काळांत जनावरांसाठीं चारा छावण्या उघडाव्या लागतात, त्याच मुलुखांत हें झालें.

आतां पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें केलेलें ‘दामिनी’ हें साधन मोबाइलवर विजेची सूचना कांहीं मिनिटें आधीं देतें. झाडाखालचा माणूस घरांत यावयास आणि गुरें गोठ्यांत बांधावयास तेवढा वेळ पुरतो. खळ्यावर रास असेल तर तीवर ताडपत्रीही ओढून होते. उभा हरभरा मात्र शेतांतच राहतो.