मापांत न बसणारी शीर



नांदेडास मीं पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून काढलीं. त्याची खूण म्हणून दोन्ही पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरांचें जाळें उमटलें आहे. गेल्या वर्षीं लातुरास एका डॉक्टरांनीं सोनोग्राफीच्या यंत्रानें तें तपासलें व कातडीवर शाईनें रेघा ओढल्या. डाव्या पायावरील रेघ गुडघ्यामागच्या लवणीशीं थांबली. उजव्या पायावरील मात्र लवण ओलांडून मांडीवर चढली. मी भूगोलाचा मास्तर! एकाच देहाच्या दोन पायांचे नकाशेहि जुळूं नयेत, याचें नवल वाटलें.

हें कोडें फार जुनें आहे. सुश्रुतसंहितेंत ७०० शिरा मोजल्या आहेत. पैकीं ४०० हातापायांच्या, आणि त्यांतील १६ शिरांना शस्त्र लावूं नये असा निर्बंध आहे. गृध्रसींत, म्हणजे आपण ज्यास सायटिका म्हणतों त्या विकारांत, गुडघ्याच्या सांध्यापासून चार अंगुळें वर किंवा खालीं शीर वेधावी, असें मापहि दिलें आहे. परंतु इतकें नेमकें माप देणारा ग्रंथकारच पुढें कबूल करतो कीं, शिरा स्वभावतः चंचल, माशासारख्या उलटणाऱ्या. त्यांच्या बाबतींत पुरता तरबेज असा कोणी नाहीं. त्याचा रोख शीर शस्त्राखालून निसटण्याकडे आहे, हें खरें. तरीहि माप सांगून मापाची मर्यादाहि सांगणारा शिक्षक विरळा.

शिरावेधाचा अध्याय वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतहि आहे. त्या ग्रंथाचा तेराव्या शतकांतील टीकाकार हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, अर्थात् आपल्या मराठवाड्यांतलाच. पुढें हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि वैद्यांच्या जोडीस येथें युनानी हकीमहि असत. त्यांच्या शास्त्रांत पायाच्या शिरेस 'साफिन' म्हणतात. इब्न सीनाच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरावाटे हाच शब्द युरोपांत गेला असें मानतात. आज नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतला विद्यार्थी 'सफेनस' म्हणतो, तो हाच.

शिरांतील पडदे फॅब्रिशियसनें १६०३ सालीं ग्रंथांत वर्णिले, आणि त्यांचें खरें प्रयोजन हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरण सांगतांना उलगडलें. पडदे सैल झाले कीं रक्त खालीं साचतें व शीर फुगते. पायाच्या कातडीखालीं अशा दोन मुख्य शिरा. लांब शीर आंतील घोट्यापासून जांघेपर्यंत जाते. देहांत तिच्याइतकी लांब दुसरी नाहीं, आणि एखाद्याच्या मांडींत ती दुहेरीहि असते. आंखूड शीर बाहेरील घोट्यामागून पोटरीवर चढते व बहुधा लवणींत खोल शिरेस मिळते. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. कोणाची अधिक वर जाऊन मिळते, तर कोणाची शाखा मांडीमागून थेट लांब शिरेस गांठते. ही शाखा ट्यूरिनच्या कार्लो जाकोमिनीनें १८७३ सालीं वर्णिली. माझ्या उजव्या मांडीवरील रेघ तिचीच.

ही केवळ नांवांची गोष्ट नव्हे. शस्त्रवैद्यानें नुसत्या पुस्तकी जागेवर छेद घेतला आणि शिरेचा संगम तेथें नसला, तर दोष आंत तसाच राहतो व विकार उलटतो.

शस्त्रक्रियेच्या सकाळीं माझ्या पायांवरील पहिल्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. तरी डॉक्टरांनीं मला उभें केलें, यंत्र पुन्हां फिरवलें, आणि उजव्या पायावरील रेघ बोटभर सरकवली.