भाड्याच्या घराची गॅलरी कमी पैशांत कशी सुधाराल? आधी सावली, मग झाडं

सिंदी (रेल्वे)सारख्या गावात भाड्याने राहणाऱ्याच्या वाट्याला बाहेरची जागा येते ती साधारण अशी : जिन्याजवळची चार फुटांची गॅलरी, स्लॅबचा एखादा कोपरा किंवा मागची सांदवाडी. रील्समध्ये अशा जागेचं रूप दोन दिवसांत पालटतं. कुंड्या, दिव्यांची माळ, हिरवं कृत्रिम गवत, झालं. पण वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ते प्लास्टिकचं गवत दुपारी इतकं तापतं की त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

म्हणून बजेट दोन हजारांचं असेल, तर त्यातला मोठा वाटा सावलीवर घालवा.

कोणती नेट घ्यायची?

शेडनेटवर ५०, ७५, ९० असे आकडे असतात. नेट किती टक्के ऊन अडवते, ते हा आकडा सांगतो. बहुतेक झाडांना ५० पुरते. तिथे खुर्ची टाकून बसायचं असेल तर ७५ घ्या. ९० ची वीण इतकी घट्ट असते की वारा कोंडतो आणि वादळात ती शिडासारखी फुगते. नेट पश्चिमेच्या बाजूला आधी लावा, कारण दुपारनंतरचं तिरपं ऊन तिथूनच आत येतं. भिंतीत खिळे नकोत. ग्रीलला सुतळीने किंवा नायलॉन दोरीने बांधा. मान्सूनपूर्व वादळाचा इशारा आला की सोडून ठेवा.

याहून स्वस्त उपाय शेतात आहे. हा कापूस-तुरीचा पट्टा. हंगाम संपला की पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. त्यांचे कूड विदर्भात पिढ्यान् पिढ्या बांधले जातात. जवळच्या सेवाग्रामची बापूकुटीही माती, बांबू, कवेलू अशा स्थानिक सामानातूनच उभी राहिली. तुराट्या सुतळीने ओवल्या की गॅलरीला छान आडोसा होतो. मात्र त्या लवकर पेट घेतात. गॅस, वायरिंग आणि देवाजवळच्या दिव्यापासून लांबच ठेवा.

घरमालकाला विचारावं लागतं का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करून घ्यायला ते कारण ठरू शकतं. लाकडी पार्टिशन, जाळीकाम अशी कामं गरज असेल तिथे परवानगी घेऊन केली, तर ती पक्कं बांधकाम मानली जात नाहीत. मात्र बरीच घरं ११ महिन्यांच्या करारावर दिली जातात. तिथे करारातल्या अटी आधी वाचा. बांधलेली नेट सोडता येते. ड्रिल मारलेलं भोक डिपॉझिटमधून कापलं जातं. स्लॅबला चुना मारायचा असेल (पांढरा रंग ऊन परतवतो, खोलीही थोडी थंड राहते) तर मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि होकार जपून ठेवा. काम सुरू करण्याआधीचे फोटोही काढा.

आणि झाडं?

कुंड्या विकत घेऊ नका. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पिपे, फुटकं घमेलं चालतं. बुडाला भोकं तेवढी पाडा. पण २० लिटरच्या बादलीत ओली माती भरली की वजन ३० किलोच्या आसपास जातं. अशा बादल्या गॅलरीच्या बाहेरच्या कडेला नव्हे, भिंतीलगत ठेवा. मातीत शेणखत आणि नारळाचा भुसा मिसळला तर वजन कमी होतं, ओल जास्त टिकते.

सदाफुली, कोरफड आणि गोकर्णाचा वेल इथलं ऊन सोसतात. पुदिना, तुळस नेटखाली ठेवा. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर माती हळू सुकते. पाणी सकाळी लवकर द्या, वर वाळलेल्या पानांचा थर पसरा.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. कूलरची टाकीही त्याच दिवशी.