शिडाचं सूत कुणी कातलं?

आज आम्ही तुम्हाला फार लांब घेऊन जाणार आहोत. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क हे देश आहेत. हिवाळा मोठा, पिकाऊ जमीन थोडी आणि समुद्र मात्र दाराशी. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथले जे लोक जहाजं घेऊन निघाले, त्यांना आज व्हायकिंग म्हणतात. इसवी सन ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला आणि त्यांची दहशत सगळीकडे पसरली. पण ते नुसते लुटारू नव्हते. ते शेती करत, व्यापार करत. आइसलँड आणि ग्रीनलँडमध्ये त्यांनी गावं वसवली.

सिनेमात व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगांचा टोप दिसतो. तो खरा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांनी त्यांना तो चढवला. त्याच चित्रात जहाजावर एक भलंमोठं शीड फुगलेलं असतं, ते मात्र खरं. त्या शिडाकडे जरा नीट बघू या. शीड म्हणजे कापड. मग ते विणलं कुणी?

व्हायकिंगांची शिडं बहुधा लोकरीची असत. तिथल्या मेंढ्यांच्या अंगावर दोन थर असतात, बाहेर लांब राठ केस आणि आत मऊ लोकर. उन्हाळा लागला की मेंढीची लोकर सुटायला लागते, तेव्हा ती हाताने उपटून काढायची. मग निवडायची, विंचरायची आणि टकळीवर कातायची. राठ केसांचं सूत ताण्याला, मऊ लोकरीचं बाण्याला. माग भिंतीला टेकून उभा असे आणि ताण्याच्या धाग्यांना खाली दगडाची नाहीतर भाजक्या मातीची वजनं बांधलेली असत. विणून झाल्यावर वारा आरपार जाऊ नये म्हणून कापडाला चरबी आणि डांबरासारखी वस्तू चोळत. लोकर, सूत आणि माग ही सगळी कामं बायकांची.

आता हिशेब ऐका. अभ्यासकांनी जुन्या पद्धतीने सूत कातून आणि कापड विणून पाहिलं, त्यावरून हे आकडे काढले आहेत. १०० चौरस मीटरच्या एका शिडाला सुमारे १५४ किलोमीटर सूत लागतं. म्हणजे मुंबईपासून पुण्यापर्यंत धागा ताणावा, एवढं. एका बाईने रोज आठ तास टकळी फिरवली तरी नुसतं कातायला ३८५ दिवस. त्याआधी लोकर उपटून तयार करायला आणखी ६०० दिवस. विणकाम अजून बाकीच आहे. जहाज बांधायला लागत नसे एवढी मेहनत शिडाला लागे. शिवाय खलाशांचे कपडे, पांघरुणं आणि घरादाराची वस्त्रं वेगळीच.

आइसलँडमध्ये तर बायकांनी विणलेलं कापडच पैसा झालं. वाडमाल नावाचं ठरावीक पोताचं लोकरी कापड हातावर मोजून देत आणि त्यावर देणी फेडत. माल परदेशी धाडायचा तर तोही हाच. एका अर्थाने त्या देशाची टांकसाळ बायकांच्या मागावर होती.

मग त्या बायकांना मान होता का? काही बाबतीत होता. पुष्कळ बायकांच्या थडग्यांत किल्ल्या सापडल्या आहेत. पुरुष महिनोन्‌महिने समुद्रावर असत, तेव्हा कोठार, गुरं, नोकरचाकर आणि शेतीची पेरणी-कापणी घरधनीण बघे. दहाव्या शतकात अत्-तर्तूशी नावाचा एक प्रवासी स्पेनहून हेडेबी या व्यापारी बंदरात आला होता. इथली बाई मनात येईल तेव्हा नवऱ्याशी काडीमोड घेऊ शकते, याचं त्याला नवल वाटलं आणि त्याने ते नोंदवून ठेवलं.

पण चित्र एवढं गोजिरं नव्हतं. आइसलँडमध्ये ९३० साली अल्थिंग नावाची मोठी सभा भरू लागली. कायदे तिथे होत, निवाडे तिथे होत, पण निवाडा करायला बाई बसत नसे. त्याहून वाईट गोष्ट गुलामगिरीची. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरून बायका पकडून नेल्या जात. आजच्या आइसलँडच्या लोकांच्या रक्ताची तपासणी केली, तर त्यांच्या मूळच्या आयांपैकी निम्म्याहून अधिक तिकडच्या निघतात. काही लग्न करून आल्या असतील, पण कित्येक दावणीला बांधून आणलेल्या. घराच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या हे सांगताना टकळी कुणाच्या हातात होती, हेही सांगायला हवं.

जमिनीखालून जे निघालं, त्यात बायकांच्या कामाची साक्ष आहे. नॉर्वेमध्ये ओसेबर्ग इथे १९०४ साली एक २१ मीटरहून लांब जहाज उकरून काढलं. ८३४ साली ते पुरलं होतं आणि त्यात राजा नव्हता, दोन स्त्रिया होत्या. एक पन्नाशीची, दुसरी सत्तरी ओलांडलेली. त्यांच्यासोबत गाडी, घसरगाड्या, स्वयंपाकाची भांडी आणि विणकामाची हत्यारंसुद्धा ठेवली होती.

दुसरी वस्तू आहे अगदी मुठीत मावेल एवढी. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर व्हायकिंगांची वस्ती सापडली. तिथलं उत्खनन आन स्टीने इंगस्ताद या नॉर्वेच्या बाईंच्या देखरेखीखाली झालं. मातीतून टकळीची मऊ दगडाची चकती वर आली. कोलंबसाच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी अटलांटिक ओलांडून इथवर बायकाही आल्या होत्या, असं ती चकती सांगते. एवढ्या लांबच्या प्रवासातही सूतकताईला सुट्टी नव्हती.

कोरीव दगड उभारायची रीतही तिकडे होती. बहुतेक दगड बापांचे, भावांचे, मुलांचे. पण नॉर्वेतल्या डिन्ना इथला एक दगड गुन्वोर नावाच्या आईने आस्त्रिद या आपल्या लेकीसाठी उभा केला आणि तिच्या नावाने पूलही बांधला. लेकीबद्दल काय कोरलं? हादेलान परगण्यात हातांनी इतकी कुशल मुलगी दुसरी नव्हती. लढाई नाही, लूट नाही. आईला लेकीचे हात आठवले आणि तिने ते दगडावर लिहवून घेतले. म्हणून हजार वर्षांनी आपल्याला आस्त्रिदचं नाव माहीत आहे. त्या १५४ किलोमीटर सुतामागच्या बाकीच्या बायकांचं माहीत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. घरात, शेतात, गोठ्यात तुम्ही वर्षभरात जे करता, त्याचे दिवस मोजा आणि वहीत लिहा. शेजारी करणारीचं नाव लिहायला विसरू नका.