अंत्युखियाची पंगत

यहुदी नसलेल्या माणसाला तारण मिळण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागते का, हा ख्रिस्ती मंडळीतला पहिला मोठा वाद. येशूचे सुरुवातीचे शिष्य यहुदीच होते. ते यरुशलेमच्या मंदिरात जात, शब्बाथ पाळत, मुलांची सुंता करत. येशूला मशीहा मानल्याने आपण वेगळ्या धर्मात गेलो, असे त्यांना वाटत नव्हते. ग्रीक, रोमी, सिरियाई असे परराष्ट्रीय लोक मंडळीत येऊ लागले, तेव्हा पेच पडला.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात कैसरियातल्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची हकिकत आहे. सुंता न झालेल्या त्या घरावर पवित्र आत्मा उतरला, हे पाहून येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याने सर्वांना बाप्तिस्मा द्यायला सांगितले. यरुशलेमला परतताच त्याला जाब द्यावा लागला; आरोप होता परराष्ट्रीयांच्या घरी जाऊन जेवल्याचा.

हा प्रश्न खरा पेटला तो अंत्युखियात, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या अंताक्यात. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम याच शहरात मिळाले. इथे यहुदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसत. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली आणि पेत्र त्या पंगतीतून उठू लागला. त्याच्यामागोमाग इतर यहुदी उठले, परराष्ट्रीयांत सुवार्ता सांगणाऱ्या प्रेषित पौलाचा जुना सोबती बर्णबासुद्धा. प्रभूभोजन तेव्हा खऱ्याखुऱ्या जेवणाचाच भाग असे. त्यामुळे पंगत वेगळी झाली की मंडळीही दुभंगणार, हे उघड होते. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला खडसावले. मोशेचे नियमशास्त्र पाळून तारण मिळत नाही, ते ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळते, असे पौलाचे म्हणणे. मग परराष्ट्रीयांवर यहुदी रीत लादायची कशासाठी?

याच प्रश्नावर यरुशलेममध्ये झालेल्या प्रेषितांच्या बैठकीत, इ.स. 49 च्या सुमारास, परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती नाही, असे ठरले. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म एवढे त्यांनी टाळायचे होते. यहुदी विश्वासणाऱ्यांनी आपली रीत सोडावी, असे मात्र कोणी म्हटले नाही. पौलाच्या सहकाऱ्यांपैकी तीमथ्याची आई यहुदी होती; त्याची सुंता खुद्द पौलाने केली, पण ग्रीक असलेल्या तीताची होऊ दिली नाही.

बहुसंख्य यहुद्यांनी येशूला मशीहा मानले नाही, हे पौलाच्या जिव्हारी लागले होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे नऊ ते अकरा हे अध्याय त्याच दुःखातून आले आहेत. त्यात परराष्ट्रीय विश्वासणारे म्हणजे जैतुनाच्या झाडावर कलम केलेली रानटी फांदी. तोडल्या गेलेल्या फांद्यांपुढे तिने तोरा मिरवू नये, कारण मुळाचा आधार तिला आहे; तोडलेल्या फांद्या देव पुन्हा जोडू शकतो. शेवटी सर्व इस्राएलाचे तारण होईल, अशी पौलाची खात्री होती.

हा इशारा मंडळी फार लवकर विसरली. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि मंडळीत परराष्ट्रीयांचे बहुमत होत गेले. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकच खरे इस्राएल असल्याचे मांडले. तरी, इतरांवर सक्ती न करता नियमशास्त्र पाळणाऱ्या यहुदी ख्रिस्ती माणसाचे तारण होईल, असे तो मानत होता. पुढे एवढीही जागा उरली नाही. इ.स. 386–387 मध्ये त्याच अंत्युखियात, सभास्थानांत आणि यहुदी सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध जॉन क्रिसोस्टम या धर्मोपदेशकाने प्रवचने दिली. त्यांतली यहुद्यांविषयीची भाषा आजही वाचवत नाही. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने कॅथलिक चर्चबाहेर राहणाऱ्या यहुद्यांना तारण नाही, असे जाहीर केले. पहिला प्रश्न असा पार उलटा झाला: यहुदी राहून तारण मिळेल का?

नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहारानंतर चर्चला पौलाची ती पाने पुन्हा उघडावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत जैतुनाचे झाड परत आले. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर ठेवणेही तिने नाकारले. देवाने यहुद्यांशी केलेला करार रद्द झालेला नाही, असे 2015 च्या व्हॅटिकन दस्तऐवजात म्हटले आहे, आणि कॅथलिक चर्च यहुद्यांच्या धर्मांतरासाठी संस्थात्मक मोहीम चालवत नाही, असेही. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे मान्य नाही. यहुद्यांमध्ये सुवार्ताप्रसार करणे आपले कर्तव्यच आहे, असे त्या मानतात.