नवं ॲप आलं, किती दिवस राहील?

हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. अमुक नवं ॲप आलंय, सगळे तिकडं चाललेत, मग आपल्या पापड-मसाल्याचं खातं तिथं काढायचं का? खातं काढायला पैसे पडत नाहीत हे खरं. पण फोटो टाकायचे, गिऱ्हाईक जोडायचं, त्यात आपले महिने जातात. म्हणून आज आधी येऊन गेलेल्यांची हकिकत सांगते.

सन 2004. जानेवारीत गूगल कंपनीनं ऑर्कुट सुरू केलं. ऑर्कुट हे ते बनवणाऱ्या तुर्की इंजिनिअरचं नाव. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या मुलांनी फेसबुक काढलं. म्हणजे दोन्ही एका वयाची. आपल्याकडे आधी चाललं ते ऑर्कुट. त्या काळात कॉलेज केलेल्या ताईंना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मैत्रिणीला 'स्क्रॅप' लिहिल्याचं आठवत असेल. भारत आणि ब्राझील या दोन देशांत त्याचा फार बोलबाला होता. पण 2010 च्या सुमारास भारतातही फेसबुक पुढं गेलं, आणि 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं.

हे आपल्या आठवडी बाजारासारखंच आहे. गिऱ्हाईक येतं म्हणून दुकानं लागतात, आणि दुकानं लागतात म्हणून गिऱ्हाईक येतं. शेजारच्या गावचा बाजार एकदा वाढला, की इकडचे ओटे कितीही चांगले बांधा, ते रिकामेच राहतात. मालक श्रीमंत असून भागत नाही. त्याच गूगलनं 2011 मध्ये गूगल प्लस काढलं, तेही एप्रिल 2019 मध्ये सामान्य लोकांसाठी बंद करावं लागलं.

आता 'कू'चं ऐका. बंगळुरूच्या दोन उद्योजकांनी 2020 मध्ये ते काढलं. पिवळा पक्षी ही त्याची खूण. ट्विटरसारखंच, पण आपापल्या भाषेत लिहिता येणारं, मराठीतसुद्धा. ही गोष्ट मला मनापासून आवडली होती. 2021 च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनाच्या काळात सरकार आणि ट्विटर यांचं वाजलं, तेव्हा केंद्रातले मंत्री कूवर आले. टीव्हीवर चर्चा झाली आणि लाखो लोकांनी ते फोनवर घेतलं. पुढं नायजेरिया आणि ब्राझीलपर्यंत त्याचं नाव गेलं. पण भांडणामुळं आलेली गर्दी भांडण निवलं की ओसरते. रोजचं माणूस जोडायला वर्षं लागतात, आणि तोवर यंत्रणेचा खर्च कुणीतरी भरायचा असतो. गुंतवणूकदारांचा पैसा आटला. मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली, ती फिसकटली. जुलै 2024 मध्ये चालकांनी कू बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाषा आपली होती, हेतूही चांगला होता, तरी चाललं नाही.

टिकटॉकची गोष्ट वेगळी. तिथं माणसं भरपूर होती, खेड्यातल्या बायकाही होत्या. शेतात, चुलीपुढं काढलेले त्यांचे व्हिडिओ दूरदूरचे लोक बघत होते. गलवानच्या चकमकीनंतर 29 जून 2020 ला सरकारनं 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. जमवलेला सगळा प्रेक्षक एका आदेशानं गेला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले. काही जणींनी तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ज्यांना ते जमलं नाही त्यांचं नाव मागंच राहिलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मग सगळीच बुडतात का? नाही. व्हॉट्सॲप 2009 चं आहे आणि आपली बैठकीची सूचना आजही त्यावरच येते. त्याची जाहिरात बघून ते कुणी घेतलं नाही. मुलगी, भाऊ, दुकानदार तिथं होते म्हणून घेतलं. एखादं नवं ॲपही असं मूळ धरू शकेल. पहिल्या वर्षाच्या गाजावाजावरून मात्र ते ओळखता येत नाही. बोलबाला संपल्यावर, काही काम असल्याशिवायही माणसं ते उघडतात का, हे बघायचं.

ऑर्कुट बंद झाल्यावर आपले फोटो काढून घ्यायला लोकांना दोन वर्षांची मुदत होती. टिकटॉकवाल्यांना ती सवड मिळाली नाही. तेव्हा ऑर्डर कुठल्याही ॲपवरून येवो, गिऱ्हाईकाचं नाव, गाव आणि फोन नंबर त्याच दिवशी गटाच्या विक्री वहीत उतरवा. फोटोंची एक प्रत सचिवताईंच्या फोनमध्ये राहू द्या, दुसरी मेमरी कार्डवर.