वाटा (मासेमारीतील)

मासळीच्या मिळकतीतला ठरलेला हिस्सा म्हणजे वाटा. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या रीतीत खलाशाला पगार नसतो, वाटा असतो.

दापोली तालुक्यातले दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर काठावर वसले आहे. बहमनी आणि आदिलशाही काळातले हे मोठे बंदर १५०८ मध्ये पोर्तुगिजांनी जाळले. पुढे मोठा व्यापारही सरला. खाडी आणि मासेमारी उरली, आणि मासेमारीसोबत वाट्याची ही रीत.

होडी परतली, मासळी विकली गेली, की आलेल्या पैशातून आधी डिझेल, बर्फ आणि शिध्याचा खर्च वळता होतो. मग उरलेल्याचे वाटे पडतात : होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचे. तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा, वाटा खलाशाहून मोठा. ज्याच्यापाशी होडी नाही, जाळे नाही, त्याच्याही घरी चांगल्या फेरीचा लाभ पोचतो. रिकाम्या फेरीची झळही सगळ्यांना बसते. शिवाय कालवणापुरते मासे प्रत्येकजण घरी नेतो. हिशोबात न येणारा हा वाटा फार मोलाचा, कारण हाती पैसा कमी आला तरी पोरांच्या ताटात मासा पडतो.

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीत, वाटणी आणखी पुढे जाते. तिथे जाळेच घरोघरच्या तुकड्यांचे असते, आणि दोर ओढणाऱ्यांनाही मासळी मिळते.

घराची ऐपत सरकारी पाहणीत मात्र वेगळ्या रीतीने मोजली जाते. १९९२-९३ पासून होणारे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरातला पंखा, दूरचित्रवाणी संच, वाहन अशा वस्तूंवरून संपत्तीचा निर्देशांक काढते. गरिबी मोजायला तो उपयोगी आहेच. पण वाट्याचा हक्क ही घरात मांडून ठेवायची वस्तू नव्हे, त्यामुळे तो निर्देशांकात दिसत नाही. भिंतीला पंखा नसलेले, पण दोन होड्यांवर माणसे असलेले घर कागदावर दिसते त्याहून सावरलेले असू शकते.

इंजिने आली, जाळी महागली, तसा मालकाचा भाग वाढला आणि खलाशाचा आकसला. ही खरी चिंतेची बाब आहे. पावसाळ्यात तर वाट्याला खंडच पडतो. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर असत. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. या दोन महिन्यांत वाटा थांबतो आणि सुकी मासळी, बायकांनी विक्रीतून राखलेले पैसे यांवर घर चालते. तेही पुरले नाहीत, तर खलाशी मालकाकडून उचल घेतो. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, की ती त्याच्या वाट्यातून कापली जाते.